आपल्या तोंडून नाई

विमल,

तुझ्या नावाने अजून मेल येतात. ‘आदरणीय संपादक महोदय, माझ्या लेखाचे काय झाले?’ महोदय. इतकी वर्षं अंकाच्या दुसऱ्या पानावर तुझं नाव छापलं जातंय, तरी लोकांना वाटतं संपादक म्हणजे पुरुषच. तू अशा मेलला मुद्दाम ‘आपली भगिनी’ अशी सही करून उत्तर द्यायचीस. मला ते जमत नाही. मी नुसतं कळवते की विमलताई गेल्या, यापुढे पत्रव्यवहार माझ्याशी करावा. परवा एका समीक्षकाने, ज्याला आपण उन्हाळ्यात लेख पाठवला होता त्याने, एका ओळीचा अभिप्राय धाडला: ‘लेख बरा आहे.’ त्यालाही मी तुझं कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘नोटेड.’

पुढच्या अंकात तुझ्यावर चार चांगल्या ओळी लिहा, असं सल्लागार मंडळाने मला सांगितलंय. चौकट टाकून, फोटोखाली. मी बसते आणि उठते. जन्म तेल्हाऱ्याचा, शिक्षण अमरावतीला, नोकरी अकोल्याला, वनस्पतिशास्त्राच्या लाडक्या प्राध्यापिका, हे सगळं खरं आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस. शिवाय मी तुझ्यावर चिडलेली आहे. चिडलेल्या माणसाला चौकटीतलं लिहिता येत नाही. म्हणून हे तुलाच लिहिते.

आपली पत्रिका केवढी, तर शंभरेक पानांची, मराठीतली, माती-पाणी-शेतीवरची. अमरावतीत मी, अकोल्यात तू. संपादक मंडळाची बैठक म्हणजे आपण दोघींनी आपापल्या गावाहून एसटीने मूर्तिजापूरला उतरायचं आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात आलूबोंडा खात कागद पसरायचे. हॉटेलवाल्याला वाटायचं आपण विम्याच्या बाया आहोत. त्या टेबलावर आपण ठरवायचो, कुठला लेख कोणाकडे पाठवायचा. पद्धत जगात सगळीकडे असते तीच. लेखकाचं नाव काढून लेख दोन जाणकारांना द्यायचा, त्यांनी तो वाचून प्रामाणिक मत द्यायचं, आणि ते जाणकार कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही. ऐकायला सरळ. करायला गेलं की कळतं.

तुला आठवत असेल, एका लेखकाने ‘हे दोघे या विषयातले तज्ज्ञ आहेत’ म्हणून आपल्याला दोन नावं मेल आयडीसकट सुचवली होती. दोघांचेही अभिप्राय दुसऱ्याच दिवशी आले, दोन्ही कौतुकाने ओथंबलेले, आणि दोन्हीकडे ‘अतिशय’ हा शब्द ‘अतीशय’ असा लिहिलेला. लेखातही तो तसाच होता. मी हसत सुटले. तू हसली नाहीस. तू त्या दोन तज्ज्ञांच्या कॉलेजात फोन लावलेस. त्यातल्या एकाला निवृत्त होऊन काळ लोटला होता आणि त्यांना मेल उघडताही येत नव्हता. मी म्हटलं, लेख फेकून दे. तू म्हणालीस, “फेकाले काय लागते. आधी त्याले इचारू. का केलं थे तं सांगू दे त्याले.” त्याने सांगितलं काहीच नाही, उलट आपल्यालाच वकिलाची नोटीस पाठवीन म्हणाला. तरी पुढच्या वेळी तू पुन्हा आधी विचारणारच होतीस, हे मला ठाऊक होतं.

आणि ते दुसरे एक सर. त्यांनी एका नव्या मुलीचा लेख, नाव काढलेलं असूनही, ओळखला होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘या बाईंनी संशोधन सोडून पाककृती लिहाव्यात.’ मी तो अभिप्राय तसाच लेखिकेला पाठवायला निघाले होते, कारण नियमाप्रमाणे अभिप्राय पोचवायचा असतो. तू माझ्या हातातून कागद काढून घेतलास. सरांना फोन केलास, माझ्यासमोर, हॉटेलातून. “सर, लेखावर बोला. लेखकाले कावून बोलता? हे तुमाले परत पाठवून राहिली, पुन्हा लिहून द्या.” त्यांनी आठवडाभर फोन उचलला नाही, मग लिहून दिलं, आणि ते खरंच चांगलं होतं. जाताना बसमध्ये मला तुझा अभिमान वाटत होता आणि थोडी असूयाही.

पुण्याच्या त्या कार्यशाळेत तू हेच सगळं बोललीस. छोट्या पत्रिकांच्या संपादकांनी अडचणीत काय करावं, असा विषय होता. बोलणं संपल्यावर एक विदुषी उठल्या आणि म्हणाल्या, “विषय उत्तम, फक्त ‘मी सांगतो’ नाही, ‘मी सांगते’ म्हणावं.” तू शांतपणे म्हणालीस, “आमच्या तिकडे बाया बी सांगतोच म्हनतात. तुमाले समजलं ना? मंग झालं.” त्यानंतर त्या लोकांनी आपल्यालाच संपादकांसाठी मार्गदर्शक टिपण लिहायला सांगितलं. समीक्षक उत्तर देत नसेल तर काय करायचं, दोन मतं टोकाची आली तर काय, समीक्षक आपलेच लेख उद्धृत करायला सांगत असेल तर काय. आपण लिहीत गेलो. ते एका मुद्द्यावर अडलं, आणि तिथूनच आपलं बिनसलं.

अर्चनाचा लेख.

अर्चना तुझ्या तेल्हाऱ्याची, तिथल्याच कॉलेजात शिकवणारी. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या आसपास कुठली रोपटी तग धरतात, यावर ती पीएचडी करत होती. मैत्रीण मीनाला घेऊन ती कित्येक हंगाम बांधाबांधाने हिंडली. तिचा लेख आपण दोन समीक्षकांना पाठवला. एकाचं मत वेळेत आलं, चांगलं आलं. दुसरे ते मोठे सर. त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही. का, ते तुला माहीत आहे. थंडीत पाठवलेला लेख त्यांनी पुढचा पोळा उलटेपर्यंत ठेवून घेतला. मी आठवणी पाठवत होते, ते ‘व्यस्त आहे’ कळवत होते. शेवटी दोन ओळी आल्या: नवीन काही नाही, नाकारावा.

आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका पत्रिकेत त्यांच्या विद्यार्थ्याचा लेख आला. सरांचंही नाव त्यावर होतं. तो लेख तूच मला पाठवलास, वर एकच वाक्य लिहून: ‘बुढीचं वावर पाह्य.’ मी पाहिलं. अभ्यास म्हणे दुसऱ्याच तालुक्यातला, पण जागांच्या यादीत ‘बुढीचं वावर’ होतं. हे नाव तेल्हाऱ्याजवळच्या एका शेताला गावातले लोकच म्हणतात, आणि अर्चनाने ते जसंच्या तसं लेखात घातलं होतं. मग तक्ते पाहिले. आकडे तेच. क्रमही तोच.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, आता काय शिल्लक आहे ठरवायला? अंकात लिहून टाकू, नावानिशी. तू म्हणालीस, “त्याइले इचारलं का?”

आपण विचारलं. सरांचं उत्तर आलं की क्षेत्र सारखं असल्याने निष्कर्ष सारखे येणं स्वाभाविक आहे, आणि संपादकांनी ज्येष्ठांशी पत्रव्यवहार करताना भाषा सांभाळावी. मग तुझ्या म्हणण्याप्रमाणे आपण त्यांच्या संस्थेला लिहिलं. पोच आली, उत्तर नाही. त्या दुसऱ्या पत्रिकेच्या संपादकांना सगळ्या पुराव्यासकट लिहिलं. ते म्हणाले, लेखकांनी आपसात मिटवावं. प्रत्येक पत्रानंतर मी तुला फोन करायची आणि प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, “अजून एक पत्र टाकू.”

तोवर अर्चनाचा प्रबंध विद्यापीठात अडकला. संगणकाने तपासलं तर तिचं एक अख्खं प्रकरण त्या छापील लेखाशी जुळत होतं. छापलं त्यांनी आधी, म्हणून चोर ठरली ही. तिने मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. विभागात सगळ्यांदेखत तिला विचारलं गेलं होतं, हे कुठून उचललंत? त्या दिवशी तू काय केलंस ते मी विसरलेली नाही. तू सगळी कामं टाकून अमरावतीला आलीस, आपण ऑटोने विद्यापीठात गेलो, आणि हा लेख आपल्याकडे कधी आला याचं सही-शिक्क्याचं पत्र आपण विभागात दिलं. ते म्हणाले, समिती बसेल, मग पाहू. तू बाहेर येऊन पायरीवर बसलीस. मला वाटलं, तूही वैतागलीस. बरं वाटलं मला.

पण खरी गाठ पुढे पडली. लेख फुटला कुठून, हे अर्चनाला कळत नव्हतं. आणि तिला आपल्यावर शंकाच आली नाही, विमल. पत्रिकेकडे दिलेला लेख तिच्या लेखी तिजोरीत होता. तिला वाटलं, मीनाने दिला. सगळी माहिती दोघींच्याच लॅपटॉपवर होती, आणि मीना मध्यंतरी त्या सरांच्या विभागात एका शिबिराला जाऊन आली होती. अर्चनाने मीनाशी बोलणं टाकलं. हे तिने मला सांगितलं आणि मी लगेच तुला फोन लावला.

त्या दुपारचं आपलं भांडण मी अजून मनात घोळवते आहे. मी म्हटलं, “बस झाली पत्रं. मी अर्चनाला सांगते, तुझा लेख कोणाकडे होता ते.”

“नाव सांगाचं नाई, नंदा.”

“अगं, तिकडे मीना फुकट बदनाम होतेय. आणि अर्चनाला आज ना उद्या कळणारच आहे.”

“तिले कळलं तं कळलं. आपल्या तोंडून नाई.”

“हा नियम प्रामाणिक माणसांसाठी आहे. चोराला कशाला पांघरूण?”

“मंग चोर कोन थे ठरवनारी तू कोन? त्याइच्या संस्थेनं ठरवाचं. आपन संपादक हाओ, पोलीस नोय. आज तू एकाचं नाव सांगशीन, तं उद्या कोनती पोरगी मोठ्या मानसाच्या लेखावर खरं मत लिहीन? तिले वाटन, आपलं बी नाव फुटन. धजनच नाई ते.”

मी म्हटलं, “तुझं सगळं पुस्तकातलं आहे.”

तू म्हणालीस, “तू वकिलाची पोरगी असून तुले नियम मोडाची घाई. मी मळ्यातली. आमच्याकडे पान्याची पाळी ठरली की ठरली. एकानं आपल्या मनानं पाट फोडला तं सगळ्याइचं वावर बसते.”

मी म्हटलं, “पण चोराने पाट कधीच फोडलाय, विमल. तू कोरड्या वावरात उभी राहून पाळी सांगतेयस.”

तू म्हणालीस, “मंग बोलतो,” आणि फोन ठेवलास. खरं सांगू का, मला जिंकल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात सकाळी तुझ्या घरून प्रकाशभाऊंचा फोन आला. तू भाजी आणायला म्हणून निघालीस, चपला घालायला दारात खुर्चीवर बसलीस आणि उठलीच नाहीस. त्यांना वाटलं, कोणाचा फोन आला असेल म्हणून बसलीय. मी अकोल्याला पोचले तेव्हा अंगणात लोक मावत नव्हते. तुझ्या विद्यार्थिनी रडत होत्या. मला रडू येत नव्हतं. माझ्या मनात एकसारखं तेच चाललं होतं, ‘मंग बोलतो’ म्हणाली होतीस. मग कधी?

त्यानंतर मी काय केलं, ते ऐक. मी नाव सांगितलं नाही. तू असतीस तर कदाचित सांगितलं असतं; तुझ्याशी भांडून, तुझ्या नाकावर टिच्चून. तू गेल्यावर ते करणं मला जमेना. मेलेल्या माणसाशी वाद जिंकण्यात काय आहे? मी तुझी पत्रं पुढे चालू ठेवली. संस्थेला तिसरं, त्या संपादकांना चौथं. अर्चनाचा लेख नव्या समीक्षकाकडे पाठवला, तो स्वीकारला गेला, आणि तो आपल्याकडे कधी आला ती तारीख लेखाखाली ठळक छापायला दिली. विद्यापीठाची समिती बसली, आपलं पत्र त्यांनी मान्य केलं आणि अर्चनाचा प्रबंध मोकळा झाला. एवढं झालं. पण चोरीचा लेख आजही त्या पत्रिकेत जसाच्या तसा आहे. सर आजही तीन निवड समित्यांवर आहेत. मी त्यांना आपल्या समीक्षकांच्या यादीतून काढलं, याने त्यांचं काय बिघडलं? त्यांच्या लक्षातही आलं नसेल. तुझ्या पद्धतीने एका मुलीची सुटका झाली आणि एका माणसाला ओरखडाही उठला नाही. हा हिशेब तू मला कसा पटवून दिला असतास, मला ऐकायचं होतं.

आणि मग, कॉलेजला सवड झाली तेव्हा, तुझी शोकसभा. तुझ्याच कॉलेजच्या हॉलमध्ये. व्यासपीठावर ते बसले होते, पांढरा सदरा, हातात हार. माइकवर म्हणाले, “विमलताई म्हणजे संशोधनातली सचोटी. अशा संपादक आता होणे नाही.” लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होते. खुर्चीचा हात मी इतका घट्ट धरला होता की शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले, माइकपाशी गेले. समोर दोनशे माणसं आणि बाजूला ते. नाव जिभेवर होतं, विमल. अगदी टोकावर. मी म्हटलं, “विमलला मोठ्या माणसांची भीती नव्हती. ती त्यांनाही आधी विचारायची, मग लिहायची. ज्यांना तिने विचारलं, त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.” आणि खाली बसले. कोणाला काही कळलं नाही. त्यांना कळलं असेलही, पण ते तेव्हा मोबाइलमध्ये बघत होते.

सभा संपल्यावर मी तावातावाने बाहेर आले. पायऱ्यांपाशी अर्चना उभी होती, आणि तिच्याजवळ मीना. दोघी एकाच एसटीने आल्या होत्या. मीनाने अर्चनाची पर्स धरली होती आणि अर्चना डोळे पुसत होती. मी थबकले. अर्चनाला बाजूला घेऊन विचारलं, “मीनाशी बोलणं सुरू झालं?”

“हो मॅडम. लय दिवस झाले. विमलताईंचा फोन आला होता ना.”

“कधी?”

तिने सांगितलं ती तीच संध्याकाळ होती. आपण दुपारी भांडलो त्याच दिवसाची.

“काय म्हणाल्या?”

“म्हनाल्या, अर्चना, तुहा लेख कोनाकडून गेला थे मी सांगनार नाई, तू इचारू बी नको. पन मीनाकडून गेला नाई, एवढं मी खातरीनं सांगतो. आता बसू नको, तिच्या घरी जाय. मी तशीच गेली, मॅडम.”

मी त्या पायरीवर उभी राहिले. एवढी साधी वाट होती. सांगायचं की नाही सांगायचं, एवढ्यावरच मी अडून बसले होते. कोण नाही ते सांगता येतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझ्याही आलं नव्हतं. दुपारपर्यंत तरी नाही. म्हणजे माझ्या बोलण्याने तू हललीस, फोन ठेवलास, विचार केलास आणि तुझा नियम न मोडता मीनाला सोडवलंस. आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. मी मात्र तू गेल्यावरसुद्धा, इतके दिवस, तुझ्याशी मनात भांडत होते की एका निरपराध मुलीला तू वाऱ्यावर सोडलंस. आपल्या दोघींत हे असलं कधी लपवायचं ठरलं होतं?

“मला का नाही सांगितलं त्यांनी?” मी अर्चनालाच विचारलं. तिला काय विचारायचं, पण दुसरं विचारायला होतं कोण?

अर्चना घुटमळली. म्हणाली, “मीच म्हटलं होतं मॅडम, नंदा मॅडमले बी सांगू का. तं त्या म्हनाल्या, आताच नको. नंदा म्हनन, मंग तू नियम मोडलाच की. अन् पुन्हा भांडन सुरू होईन. म्हनाल्या, तिच्यासंग भांडाले मजा येते, पन सध्या बोलताना दम लागून राहिला मले.”

विमल, दम लागत होता, तर तेवढं तरी मला सांगायचं होतंस. ते काही गोपनीय नव्हतं.